आमची पद्मिनी का थांबत असे

वार्षिकाच्या संपादकांनी यंदा आम्हांस एखादा शास्त्रीय विषय मुलांना समजेल अशा रीतीने लिहून द्यावा अशी आज्ञा केली. शास्त्र आम्ही वर्गात बारमाही शिकवितोच. म्हणून येथे असा एक प्रसंग लिहितो, की ज्यात आम्ही शिकविणारे नसून शिकणारे होतो, आणि तेही फारसे शहाणे नव्हे.

आमच्या वडिलांची १९८५ सालची प्रीमिअर पद्मिनी मोटार जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या अंगणात उभी असते. ही गाडी सोलापूरकरांस परकी नव्हे. ती ज्या कंपनीने बनविली त्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. कंपनी त्यांनी १९४४ साली काढिली. मुंबईस कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जोडल्या जात. १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची गाडी तेथे होऊ लागली, आणि तिच्याच वंशातील गाडीस १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. शेठजी १९५३ सालीच निवर्तले, त्यांच्या दृष्टीस ही पद्मिनी पडली नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींची अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, तेव्हा आमच्या वडिलांनी त्या दिवसाचे वर्तमानपत्र घडी घालून कपाटात ठेविले. आता त्यांस गाडी हाकवत नाही. परंतु ती चालू राहावी एवढीच त्यांची इच्छा असते, व ती पुरविणे हे आमचे काम.

मार्चच्या अखेरीस गाडी एक चमत्कारिक खोड करू लागली. सकाळी ती निमूट चाले. दुपारी दहा-बारा मैल गेल्यावर इंजिन एकाएकी, दिवा मालवावा तसे, बंद पडे. अर्धा तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन एका लग्नास विजापूरकडे निघालो असता मंद्रूपच्या अलीकडे ती अशीच थांबली. रणरणते ऊन, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील रस्त्याकडेच्या निंबाखाली रुमाल अंथरून बसलेले! आमच्या पत्नीने त्यांस वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. लग्न आमच्यावाचून लागले.

जुन्या फियाटीच्या लोकांस या दुखण्याचे एक कारण तोंडपाठ असते. पेट्रोल ओढणारा पंप, ज्यास मिस्त्री मंडळी एसी पंप म्हणतात, इंजिनालाच लागून असतो. उन्हाळ्यात तो तापून आतील पेट्रोलची वाफ होते व पुढे काही जात नाही. त्यावर ओले फडके ठेवावे, हा उपाय. आम्हीही ठेविले. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, आणि आमची खात्री पटली. फडके न ठेवताही अर्ध्या तासाने ती सुरू होत होती, हे आमच्या ध्यानात येऊ नये याचे आज नवल वाटते. वर्गात एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रयोग करावा म्हणून फळ्यावर लिहून देणारे आम्हीच!

येथे आमच्या हातून जे झाले ते लिहिणे जड जाते. फेब्रुवारीत आम्ही ज्या गॅरेजात गाडी दिली होती तेथील एका एकोणीस वर्षांच्या मुलाने कार्बोरेटर साफ केला होता. त्यानंतर गाडी बिघडली. तेव्हा त्यानेच काही घोळ केला असला पाहिजे, असा आम्ही निष्कर्ष काढिला. गॅरेजात जाऊन, चारजणांदेखत, "हा मुलगा काम ढिसाळ करितो," असे बोललो. तो म्हणाला, "सर, मी सगळं घट्ट केलो होतो बघा." मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. मास्तरांचा शब्द जड ठरला. पुढल्या आठवड्यात तो मुलगा तेथे दिसला नाही. आम्ही चौकशीही केली नाही.

मे महिन्याच्या सुटीत मिस्त्री स्वतः घरी आले. "सर, आता गाडी बंद पडेपर्यंत पंपाला हात लावायचा नाही," असे त्यांनी आधीच बजाविले. बाहेर ४२ अंश उष्णता होती. बॉनेट झाकून इंजिन चालू ठेविले. पाऊण तासाने ते बंद पडले.

आता पहिला प्रश्न असा की, उपाशी कोण? पेट्रोल मिळत नाही, की ठिणगी मिळत नाही? कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरिले व सेल्फ मारला. पेट्रोल भळभळा आले. म्हणजे बिचारा एसी पंप निर्दोष होता! बाटली दूर नेऊन, सांडलेले पुसून, वाफ निघून जाऊ दिल्यावर मिस्त्रींनी कॉइलची जाड वायर रबरी पकडीने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरिली. ठिणगी नाही. (मुलांनी हा प्रयोग करू नये. तेथे हजारो व्होल्टांचा दाब असतो.)

थोडे शास्त्र सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. त्याने प्लगच्या टोकांमधील हवा ओलांडून ठिणगी पडणे शक्य नाही. म्हणून कॉइलमध्ये जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून प्रवाह सोडून तो एकाएकी तोडतात. तोडताक्षणी चुंबकत्व ढासळते, आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होतो. फॅरडेने १८३१ साली दाखविलेला हाच तो नियम, जो नववी-दहावीचे विद्यार्थी घोकतात व विसरतात. मोटारीत ही योजना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केली. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या आमच्या चार सिलिंडरांच्या इंजिनास सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात, म्हणजे शंभर वेळा प्रवाह जोडणे व तोडणे आले. पूर्वी हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट नावाची दोन टिकल्यांची जोडी करीत असे. त्या झिजत, जळत, व वारंवार घासाव्या लागत. काही वर्षांपूर्वी वडिलांनी त्या काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवून घेतले होते. काडेपेटीहून थोडी मोठी डबी. तिच्यातील ट्रान्झिस्टर तेच काम न झिजता करितो. मात्र तो तापतो, आणि ती उष्णता खालच्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यात उतरून गेली पाहिजे.

मिस्त्रींनी बल्बाची वायर कॉइलच्या एका टोकास लाविली. बल्ब लागला, म्हणजे बॅटरीकडून वीज येत होती. दुसऱ्या टोकास लावून सेल्फ मारला. येथे बल्बाने लुकलुकावयास हवे होते. तो एकसारखा जळत राहिला. चांगली ठाऊक असलेली दुसरी कॉइल लावून पाहिली, तरी तेच. म्हणजे जोडतोड करणाराच आपले काम करीत नव्हता. मग त्यांनी ओले फडके घट्ट पिळून केवळ मोड्यूलवर ठेविले, इतर कशासही स्पर्श केला नाही. चारपाच मिनिटांत बल्ब लुकलुकू लागला व गाडी सुरू झाली. एकच गोष्ट बदलली होती. आम्ही मनात खजील झालो, पण खरी पाळी पुढेच होती.

स्क्रू काढून त्यांनी डबी उचलली, तळ बोटाने चाचपला व विचारिले, "सर, इथली पांढरी पेस्ट कोणी पुसली?"

वडील ओसरीवरून म्हणाले, "होती तर! दह्यासारखी काहीतरी लावलेली मी पाहिली होती."

नाताळच्या सुटीत आम्ही बॉनेट उघडून इंजिन स्वच्छ केले होते. त्या डबीखाली चिकट, पांढरे, धूळ धरलेले काहीतरी दिसले. ते घाण समजून आम्ही रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसले, आणि डबी परत बसविली. डबी व पत्रा कितीही घट्ट आवळले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांत हवा असते, आणि हवा उष्णतेस वाट देत नाही. त्या पोकळ्या भरणे हेच त्या लेपाचे काम. थंडीत त्यावाचून निभावले. ऊन वाढताच ट्रान्झिस्टर गुदमरू लागला. मुलाच्या कार्बोरेटरचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

वारंवार तापून ते मोड्यूल कायमचे अधू झाले होते, म्हणून नवे आणविले. पत्रा घासून साफ केला, नखाएवढी पेस्ट घेऊन पातळ पसरली (जाड थर दिल्यास तोच अडसर होतो), स्क्रू सारखे आवळले, अर्थिंगची तार तपासली. जुने पॉइंट व कंडेन्सर वडिलांनी बिस्किटाच्या डब्यातून काढून दिले. ते अडीअडचणीसाठी गाडीत ठेविले आहेत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मंद्रूपपर्यंत जाऊन आलो. निंब दिसताच वडील हसले. गाडी थांबली नाही.

परतताना आम्ही गॅरेजात उतरलो आणि जेथे बोललो होतो तेथेच, असतील तेवढ्या लोकांसमोर, दोष आमचा होता असे सांगितले. मिस्त्री म्हणाले, "मी ओळखलो होतो सर. पण त्याला सांगा." तो मुलगा आसरा चौकाकडील एका पंक्चरच्या दुकानात कामास लागला होता. मिस्त्रींनी परत ये म्हणून निरोप धाडला होता; तो गेला नव्हता.

आम्ही त्यास सर्व हकीकत सांगितली व क्षमा मागितली. तो ट्यूबला हवा भरीत होता. काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "घट्ट केलो होतो म्हणून मी तेव्हाच सांगितलो होतो, सर."

"होय, सांगितले होतेस," आम्ही म्हटले.

त्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली, आणि बुडबुडे कोठून येतात ते वाकून पाहू लागला. थोड्या वेळाने त्याने मान वर न करिता विचारिले की ती पेस्ट कोणत्या दुकानात मिळते. आम्ही पत्ता सांगितला.