दिल्लीचा वकील

आमचा एक सहाध्यायी गेल्या दिवाळीत बेळगावास आला असता त्याने आपले कार्ड आमच्या हाती ठेवले. 'हेड, गव्हर्नमेंट अफेअर्स' असा हुद्दा त्यावर छापला होता. आमच्या मातोश्रींनी विचारले, "म्हणजे सरकारी नोकरी का रे?" तो हसून म्हणाला, "नाही काकू, सरकारच्या दारातली."

वास्तविक मराठी माणसास हा धंदा अपरिचित नसावा. पेशव्यांच्या वतीने हिंगणे घराण्यातील मंडळी दिल्लीस राहत, दरबारचे वारे कोणीकडून वाहते ते पुण्यास कळवीत आणि धन्याचे म्हणणे योग्य त्या कानी घालीत. त्यांना वकीलच म्हणत. काळा डगला चढवून त्या नावावर हक्क सांगणारे आम्ही.

मित्राने काही वर्षे कोर्टात काढली, मग तो एका कंपनीत शिरला. पूर्णवेळ पगारी नोकरास वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम. तेव्हा सनद बाजूस ठेवून तो दिल्लीस गेला. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर परवान्याच्या कागदामागे फिरणारी माणसे कंपन्यांस तेथे ठेवावी लागत. २४ जुलै १९९१ रोजी बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन गेले. पण ही माणसे काही गेली नाहीत. परवान्याच्या जागी मानके आली, करांचे वर्गीकरण आले, पर्यावरणाच्या अटी आल्या.

मित्राचा दिवस राजपत्राने उजाडतो. नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांची मुदत सुरू होते. तो पहिल्या आठवड्यातच निवेदन देतो, तेच उद्योगसंघाकडून निराळ्या शब्दांत देववितो, आणि मग भेट मागतो. "लाच मूर्ख देतात," तो म्हणतो. "अधिकाऱ्याला माहिती हवी असते. ती आपण पुरवायची." २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, हे तो आमच्याहून चांगले जाणतो. अमेरिकेत अशा मध्यस्थांच्या नोंदणीचा कायदा १९४६ सालीच झाला. आपल्याकडे तो अद्याप नाही.

चार वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता. संबंधित खात्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. "अर्ध्या तासाची भेट मिळवून दे, एवढेच." आम्ही शब्द टाकला. पुढे सुक्या मेव्याची पेटी आली. (ती आम्ही खाल्ली.)

गेल्या श्रावणात उद्यमबागेतील एक लहान कारखानदार नोटीस घेऊन आमच्याकडे आला. मालाची चाचणी स्वतःच्या प्रयोगशाळेतच व्हावी, असा नियम. आणि यंत्राची किंमत त्याच्या वर्षाच्या नफ्याहून अधिक. आम्ही मूळ मसुदा काढून पाहिला. त्यात 'स्वतःच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत' असे होते. अंतिम नियमात 'किंवा'पासूनचे शब्द गळाले होते. मसुदा आणि नियम यांच्या तारखांमध्ये आमचा तो अर्धा तास बसत होता.

दिवाळीत मित्राला आम्ही विचारले. त्याने काही लपविले नाही. "आम्ही तेच मागितले होते. मुदत त्यांनाही होती. लिहायला कोणी अडवले होते?"

कायद्याने तो बरोबर होता. त्या मुदतीत आमचा कारखानदार भट्टीपाशी उभा असणार. राजपत्र वाचावयास त्याच्यापाशी कोणी नव्हते, आणि त्याच्या गावचा वकील दुसऱ्यासाठी फोन करीत होता.

नोटिशीचे उत्तर आम्ही लिहून दिले होते. सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. फी घेतली नाही. "का, वकीलसाहेब?" असे त्याने दोनदा विचारले. "राहू द्या," एवढेच आम्ही म्हणालो.