36 टक्क्यांची लस

रोटाव्हायरसच्या लशीबद्दल माझं मत बरीच वर्षं थंड होतं. बालरोगतज्ज्ञ असूनही पालकांना मी ती आग्रहानं सांगत नसे. 'व्हॅक्सिन' हे 1983 पासून निघणारं, लसीकरणाच्या संशोधनाला वाहिलेलं नियतकालिक. 2017 मध्ये त्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीची चाचणी आली आणि मी आणखीच थंडावलो. देशातली सहा केंद्रं, साडेसात हजार बाळं, आणि गंभीर रोटा जुलाबांपासून संरक्षण 36 टक्के. श्रीमंत देशांत याच आजाराच्या लशी 85 टक्क्यांच्या वर जातात. आपल्या बाळांच्या वाट्याला एवढंच का, या विचारानं राग यायचा.

मत फिरलं ते आफ्रिकेतल्या आकड्यांनी. दुसऱ्या एका रोटा लशीची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि मलावी या दोन देशांत झाली होती. निष्कर्ष 2010 मध्ये आले. दक्षिण आफ्रिकेत संरक्षण 77 टक्के, मलावीत 49. पण लस दिलेल्या दर शंभर बाळांमागे वर्षाला किती गंभीर आजार टळले? दक्षिण आफ्रिकेत 4.2, मलावीत 6.7. टक्का कमी, तिथे फायदा जास्त. कारण मलावीत मुळात आजारच फार. मी टक्के पाहत होतो, वॉर्डातल्या खाटा मोजत नव्हतो.

मग सीरमचा लेख पुन्हा काढला. अशा चाचण्यांत जुलाब-उलट्या किती, किती दिवस, ताप, अंगातलं पाणी किती गेलं, यांवरून 20 पैकी गुण देतात. 11 पासून पुढे गंभीर, 16 पासून पुढे अतिगंभीर. अतिगंभीर आजारापासून संरक्षण 60 टक्क्यांच्या आसपास होतं. डोळे खोल गेलेलं, रडताना अश्रू न येणारं, शीर सापडत नाही म्हणून सगळ्यांची धावपळ उडवणारं बाळ या रकान्यातलं. मला झोप लागू देत नाही ते हेच बाळ.

टक्का कमी का, याचीही उत्तरं आतड्यातच शोधली जातात. लशीतला जिवंत विषाणू तिथे वाढावा लागतो, आणि आईकडून आलेली प्रतिपिंडं, सोबतचे पोलिओचे थेंब, आधीच ठाण मांडलेले जंतू, कुपोषण हे सगळं त्याच्या आड येऊ शकतं. बाळ कुठे जन्मलं त्याचा हिशेब त्या 36 मध्ये आहे. आणि लस बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग असलेल्या चाचणीतला हा उणा आकडा जसाच्या तसा छापला गेला, याचं मोल आता मला फार वाटतं. त्यामुळेच पालकांशी खरं बोलता येतं.

2019 मध्ये महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात रोटाची लस आली. आता मी सांगतो: जुलाब होऊ शकतील, तेव्हा ओआरएस आणि झिंक द्याच, पण सलाईनची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होईल. दीड, अडीच आणि साडेतीन महिने, तिन्ही डोस घ्या. पहिला लांबवू नका.