कर्स्ट गेला, आता पुढे?

अमेरिकेत काठीच्या टोकाला जाळी लावून चेंडू झेलायचा आणि फेकायचा खेळ आहे, लॅक्रॉस. मे २०२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने मेरीलँडला १३-१० असं हरवलं आणि १९७७ नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यातले सहा गोल एकट्या सी. जे. कर्स्टचे. तो त्याचा कॉलेजमधला शेवटचा सामना. पुढचा हंगाम त्याच्याविना. कठीणच!

पण कॉलेजच्या संघाचं हे असंच असतं. पोरगा तयार होतो, तोवर पदवी हातात पडते. दहावीच्या निरोपाला मलाही दरवर्षी वाटतं, आता असे विद्यार्थी कुठले? जूनमध्ये मात्र मागच्या बाकावरचाच कुणीतरी हात वर करतो. कॉर्नेलचे प्रशिक्षक कॉनर बुझेकही तिथलेच माजी खेळाडू. ते गेल्यावरही संघ खेळतच राहिला. मी तरी कॉर्नेलला मोडीत काढणार नाही.