सभागृह आहे, तालमीची खोली कुठाय?

रामदासपेठ म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला दवाखानेच आठवतात. यवतमाळ, भंडारा, पार छिंदवाड्याहून लोक पेशंट घेऊन इथं येतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथं मर्यादा दिवसा 50 डेसिबल, रात्री 10 नंतर 40. ड्रमवर जोरात काठी पडली की आवाज 100 च्या वर जातो. आता अशा पेठेत राहून चार पोट्ट्यांनी हेवी मेटलचा पहिला अल्बम करायला घेतला तर काय होईल?

जे व्हायचं तेच झालं.

गिटारवाला आमच्याच अपार्टमेंटमधला. मला ते संगीत फारसं कळत नाही, पण मेहनत कळते. पोरांनी आठ गाणी लिहिली. तालीम खाली पार्किंगमध्ये, भिंतीला जुन्या गाद्या लावून, संध्याकाळी तासभर. दोन आठवड्यांत तक्रार झाली. तक्रार करणाऱ्या काकूंचं काहीच चुकलं नाही. काकांचं बायपास होऊन दहा दिवस झाले होते. एकदा तर गायकानं घशातून तो गुरगुरणारा आवाज काढला आणि समोरून एक वॉर्डबॉय धावत आला, कोणाला झटका आला म्हणून. सगळे हसले, पण तालीम त्या दिवसापासून बंद.

मग वणवण. गिटार लॅपटॉपला जोडून हेडफोनवर वाजवता येते, त्यामुळे तो प्रश्न सुटला. गायकानं हिंगणा रोडला गाडी उभी करून, काचा लावून आवाज दिला. मे महिन्यात, एसी बंद ठेवून, कारण एसीची घरघर माइकमध्ये येते. ड्रम काही गाडीत बसून वाजवता येत नाही. तो काटोलकडे एका मित्राच्या शेतातल्या खोलीत नेला. तिथं लाइट नसली तर रेकॉर्डिंग नाही, आणि लाइट आली की बाजूच्या विहिरीवरची मोटार सुरू. कसेबसे पाच गाण्यांचे ड्रम झाले. तीन राहिले. तेवढ्यात ड्रमरला पुण्यात नोकरी लागली. येत्या 15 तारखेला तो चालला.

कोणी म्हणेल, स्टुडिओ नाहीत का नागपुरात? आहेत ना भाऊ. पण तिथं मीटर तासावर चालतं. गाणी पक्की बसलेली असतील तर स्टुडिओ परवडतो, तिथं जाऊन बसवायची म्हटलं तर घर विकावं लागेल.

ब्लॅक सॅबथचंच बघा. या संगीताचे मूळपुरुषच म्हणा. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीतली चार पोरं. टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात तुटलेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं टोपणं बनवली आणि ती बोटांत घालून गिटार वाजवली. त्यांचा पहिला अल्बम लंडनमध्ये 16 ऑक्टोबर 1969 ला जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला. पहिल्याच गाण्यानंतर आयोमीची नेहमीची गिटार बिघडली, दुसरी घेऊन त्यानं काम उरकलं. एका दिवसात जमलं, कारण गाणी आधीच हातात बसलेली होती. ही पोरं तालीम करायची कुठं? वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरमध्ये.

मुंबईतही हे सोपं नव्हतं. साहिल मखीजानं 2000 साली 'डेमॉनिक रेझरेक्शन' बँड काढला, त्याच वर्षी पहिला अल्बम केला. सोबतचे वादक बदलत गेले, दुसरा अल्बम यायला 2005 उजाडलं. मधल्या काळात धोबी तलावचं रंगभवन शांतता क्षेत्रात येतं म्हणून बंद पडलं, जिथं 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचा. साहिलनं स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं, नेट धरला. पुढे हाच बँड जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजला आणि 2017 मध्ये त्यानं विष्णूच्या अवतारांवर 'दशावतार' नावाचा अल्बम केला.

म्हणजे नेट धरणारा टिकतो, हे खरं. पण नेट धरायला चार भिंती तरी लागतात की नाही?

रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावानं महापालिकेनं मोठं सभागृह बांधलं, चांगलंच झालं. कार्यक्रमाला जागा झाली. तालमीचं काय? ढोलताशावाले, एकांकिकावाले, भजनी मंडळं, सगळ्यांचंच हे रडगाणं आहे. महापालिकेच्या शाळांच्या काही इमारती बंद पडून आहेत. त्यातल्या, दवाखान्यांपासून लांब असलेल्या एखाद्या शाळेतली एक खोली आवाजबंद करा. तासाला माफक भाडं घ्या, वहीत नाव लिहा, रात्री 10 ला कुलूप लावा. एवढंच.

काकांची झोप आणि पोट्ट्यांचा ड्रम यांचं भांडण नाहीच मुळी. दोघांना एकाच भिंतीला कान लावून बसवलंय, ते आपण.

नगरसेवक मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर उत्तर द्या. आणि वाचकांपैकी कोणाकडे 15 तारखेच्या आत दोन दिवसांसाठी गोडाऊन, बंद हॉल, काहीही असेल, तर मला मेसेज करा. तीनच गाणी राहिली आहेत.