दिवा घासणारे हात

मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलं की दुपारची जेवणं कधी उरकतात याची आम्ही वाट बघायचो. मोठी माणसं लवंडली की दादा संगणकावरचं कापड हळूच काढायचा. जाडजूड काचेत अग्राबाचा बाजार उजळायचा आणि हातात वाकडी तलवार घेऊन अल्लाद्दीन पळत सुटायचा. खिडक्यांतून मडकी कोसळायची, उंटाच्या पाठीवर उडी मारली की उंट थुंकायचा, वार बसला की पहारेकऱ्याची विजार घसरायची. आम्ही तोंडावर हात दाबून हसायचो, कारण शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असायची.

वरच्या कोपऱ्यात एक छोटा दिवा होता. त्याच्या तोंडातून धुराची रेघ निघायची. मार बसला की ती आखूड व्हायची. जीव किती उरलाय हे सांगायला आकडा नव्हता, नुसता धूर होता.

डिस्नेचा चित्रपट १९९२ चा. पुढच्याच वर्षी डेव्हिड पेरी आणि व्हर्जिन गेम्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी हा खेळ बनवला. मग तो डॉसवर आला आणि आमच्या हाती लागला. त्यातल्या हालचाली डिस्नेच्याच चित्रकारांनी कागदावर पेन्सिलीने काढल्या होत्या. एकेक चित्र स्कॅन करून, रंगवून खेळात घातलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. पण त्या इवल्याशा पोराच्या अंगाला वजन आहे, हे आमच्या बोटांना तेव्हाच कळलं होतं.

आणि गोष्ट तरी मुळात कुणाची? अरबी रात्रींच्या जुन्या हस्तलिखितांत ती नाही. १७०९ साली पॅरिसमध्ये हान्ना दियाब या हलबच्या तरुणाने ती आंत्वान गालाँ यांना सांगितली. गालाँनी ती फ्रेंचमध्ये लिहिली आणि १७१२ मध्ये छापली. तिथला अल्लाद्दीन तर चीनमध्ये राहतो! आपल्याकडे अरबी रात्री मराठीत आणायला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हात घातला, विष्णुशास्त्र्यांनी ते काम पुढे नेलं. कुणाची जीभ, कुणाची लेखणी, कुणाची पेन्सिल. शेवटी आमची घामेजलेली बोटं.

ऊन कललं की आजी उठायची आणि चिंचेचा कोळ घेऊन देवघरातली समई घासायला बसायची. "कालपरवाच तर घासलीस," मी म्हणायचो. ती मान वर न करता म्हणायची, "हात फिरला नाही की पितळ काळं पडतं रे."

२०१९ साली तो खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघाला. परवा लेकीने तो लावला. मी मागे उभा होतो. तिने उंटावर उडी मारली, उंट थुंकला, आणि ती खदखदून हसली. तोंडावर हात दाबायचं तिला काही कारण नव्हतं. शेजारच्या खोलीत आता दुपारचं कुणी झोपत नाही.