शिकस्त

उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत मात्र आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. 'खुलासा' उर्दूत सारांश असतो, मराठीत स्पष्टीकरण. दोन्ही भाषा शिकवताना असे शब्द मी गोळा करत आलो. पालीतल्या घरी एका जुन्या संगणकावर ओपनइंडियाना आहे, त्यातल्या एका झोनमध्ये हा कोश राहतो.

झोन ही सोलारिसची देणगी, 2005 च्या सोलारिस 10 मधली. चाळीतल्या खोल्यांसारखी: प्रत्येकीला वेगळं कुलूप, पण जिना आणि पाण्याची टाकी एकच. म्हणजे कर्नल एकच. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी ओपनसोलारिसच्या वारशातून ओपनइंडियाना उभं राहिलं.

तिथे मोठं अपडेट चालू प्रणालीवर होत नाही. झेडएफएस तिची क्लोन प्रत काढते, बदल त्या प्रतीत होतात. ही प्रत म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट. बिनसलं तर 'बीईएडीएम ॲक्टिव्हेट' म्हणून जुनी प्रत निवडायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. यादीत 'एन' म्हणजे आत्ता चालू असलेली, 'आर' म्हणजे पुढच्या वेळी सुरू होणारी. क्लोन असल्यामुळे जागाही फक्त बदलांपुरतीच लागते.

मे महिन्यात मी अपडेट केलं. त्यानंतर मशीन अधूनमधून थिजायचं. दोष नव्या कर्नलचा की माझ्या म्हाताऱ्या मशीनचा, अल्लाह जाणे. पाच आठवडे सोसलं. मग पावसाळ्यातल्या एका रात्री, दारापुढचे सुकवणीचे बांबू रिकामे आणि वीज नशिबाने शाबूत असताना, जुन्या प्रतीवर परतलो. मशीन गुण्यागोविंदाने चालू लागलं. आता नवी प्रत कशाला, म्हणून 'डिस्ट्रॉय' टाइप केलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. तेवढ्यात इशाची अजान झाली, म्हणून 'नाही' म्हणून उठलो.

नमाजहून आल्यावर सहज कोश उघडला. शेवटची नोंद मे महिन्यातली! पाच आठवड्यांचे शब्द गायब. त्यात अम्मीने सांगितलेले कोकणी मुसलमानांच्या घरातले शब्द होते, आणि अम्मी आता बोलण्याच्या स्थितीत नाही.

हात गार पडले. मग डोकं चालवलं. झोनचं मूळ कर्नलशी जुळावं लागतं, म्हणून प्रत काढताना झोनचीही प्रत निघते. माझा डेटाबेस झोनच्या 'वार'मध्ये, म्हणजे त्या प्रतीच्याच पोटात होता. होम फोल्डर दोन्ही प्रतींना सामाईक असतं, म्हणून तिथलं काहीच हललं नव्हतं. त्यामुळेच मी गाफील राहिलो. शब्द नव्या प्रतीत शाबूत होते, जी मी पुसायला निघालो होतो.

पुन्हा नवी प्रत सुरू केली. डेटाबेसचा डंप काढेपर्यंत मशीन थिजू नये म्हणून दुआ मागत बसलो. डंप होममध्ये ठेवला, जुन्या प्रतीत येऊन तो भरला. आता कोशाला प्रतींच्या बाहेर स्वतंत्र डेटासेट दिलाय आणि 'झोनसीएफजी'ने तो झोनच्या हवाली केलाय. डंपची एक प्रत पेन ड्राइव्हवरही आहे.

अम्मीच्या शब्दांतल्या दोनांचे अर्थ मी तेव्हा विचारलेच नव्हते. ते रकाने अजून रिकामे आहेत.