पिवळ्या टेकडीवर लॉपर घेऊन

मे महिन्यात कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या आसपासच्या टेकड्या पिवळ्याधमक होतात. पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात. आमचा शनिवारचा गट तिथेच लांब दांड्यांचे लॉपर घेऊन पोचतो आणि ती फुललेली झुडपं बुडातून छाटतो. येणारे-जाणारे हळहळतात.

हे स्कॉच ब्रूम, वाटाण्याच्या कुळातलं युरोपीय झुडूप. कॅप्टन वॉल्टर ग्रँट यांनी १८५० साली व्हँकूव्हर बेटावर, सूकजवळ त्याचं बी पेरलं. तीनच रोपं तगली म्हणतात. आपल्याकडे बागेतली घाणेरी रानात कशी माजली हे ज्यानं पाहिलंय, त्याला पुढचं सांगायला नको.

झाड मोठं चिवट. पानं गळाली तरी हिरव्या, कंगोरेदार फांद्या अन्न तयार करत राहतात. मुळांच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र पुरवतात, त्यामुळे निकस जमिनीतही भागतं. जुलैत शेंगा काळ्या पडतात. ऊन तापलं की कट्‌कन तडकतात, दोन्ही फाकी पिळवटतात आणि बी दूर उडतं. प्रत्येक बीला तेलकट टोपी असते. तिच्यासाठी मुंग्या बी आणखी लांब ओढून नेतात. मातीत ते कित्येक दशकं जिवंत राहतं.

म्हणूनच मोठं झुडूप उपटायला आमच्या गटात मनाई आहे. माती उकरली की खालचं बी वर येतं आणि रुजतं. फुलावर असताना, कोरड्या उन्हाळ्याच्या तोंडावर जमिनीलगत छाटलं, तर जुनी खोडं सहसा परत फुटत नाहीत. कोवळी रोपं तेवढी पावसानंतर ओल्या मातीतून अलगद काढायची.

सुरुवातीला माझा हात आपसूक ब्रूमच्या दाट जाळीकडे वळायचा. गट चालवणाऱ्या आजी मला गॅरी ओकच्या झाडांखालच्या विरळ गवताकडे पिटाळायच्या. "तिकडे वाचवायला काही उरलेलं नाही. इथे कॅमस आहे." गुडघ्याएवढ्या दांड्यांवर कॅमसची निळी फुलं होती आणि त्यांच्यात ब्रूमची चार-दोन पोरंसोरं. ही इथल्या मूळच्या लेक्वंगन लोकांची भूमी. कॅमसचे कांदे खणून हे लोक खड्ड्यात दिवसभर भाजत, म्हणजे कांदे गोड होत. कुरणं मोकळी राहावीत म्हणून ठरवून जाळतही. ते जाळणं वसाहतीच्या काळात बंद पडलं, आणि ब्रूमला रान मोकळं झालं.

आता मीही नव्या माणसाला आधी कॅमस दाखवते, मगच लॉपर हातात देते. काय ठेवायचं हे कळलं, की काय तोडायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

दाट जाळीला अजून बरीच वर्षं आमचा हात लागणार नाही. साफ केलेल्या तुकड्यावर दरवर्षी नवी रोपं उगवतात आणि ती काढायला माणसं लागतात. तेवढी हाताशी असतील, तरच पुढचा तुकडा घ्यायचा.